शनिवारची सुट्टी

धर्माची ओळख करून देतांना आपण बहुधा त्याच्या ग्रंथापासून आरंभ करतों. मी आज एका चुकीपासून करणार आहें, आणि ती चूक माझीच आहे.

रायगड जिल्ह्यांतील एका शाळेंत असतां, दर शनिवारीं गैरहजर राहणाऱ्या एका मुलास मीं दंड केला. मुलगा बेने इस्रायल होता, हें ठाऊक असूनही! ईश्वरानें सहा दिवसांत सृष्टि रचिली व सातव्या दिवशीं विसांवा घेतला. म्हणून शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत काम वर्ज्य, अशी यहुदी धर्माची आज्ञा आहे. कोंकणांत तेलाचे घाणे चालविणाऱ्या या लोकांनीं ती इतक्या निष्ठेनें पाळिली कीं, शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले.

नवगांवच्या किनाऱ्यापाशीं जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. ग्रंथ बुडाले, परंतु एकच निराकार ईश्वर, आठव्या दिवशींची सुंता, पर व खवले असलेलेच मासे भक्ष्य, एवढें आचरणांत टिकलें. भाषा मात्र मराठी झाली.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं. तेथें कांहीं धर्मगुरूंनीं त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका घेतली! अखेर १९६४ सालीं, ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असें तेथील सरकारनें जाहीर केलें.

दंडाचे पैसे परत देण्यास मी त्या मुलाच्या घरीं गेलों, तो दिवसही नेमका शनिवारच. आजीबाई म्हणाल्या, "मास्तर, बसा. पैसे मात्र उद्यां घेऊं."