आजचं पाणी आज मोजा
(चिपळूण येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय 'पाणी आणि आरोग्य' असा छापलाय. मी मात्र एकच गोष्ट सांगायला आलोय : आजचं पाणी आज मोजून ठेवा. जवळच्या लोट्याची एमआयडीसी, म्हणजे रासायनिक कारखान्यांची वसाहत, दाभोळ खाडीत तरंगणारे मेलेले मासे, हे तुम्हाला मी सांगायला नको. वेळेवर मोजलं नाही तर काय होतं, ते बघायला थेट इटलीत जाऊ.

व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथला मितेनी कारखाना 'पीफास' रसायनं बनवायचा. न चिकटणारा तवा, पाणी न धरणारं कापड, आग विझवायचा फेस, सगळीकडे ती वापरतात. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ इतकी पक्की की ऊन, जंतू, काळ, कुणालाच ती सुटत नाही. कारखाना बसला नेमका भूजलाच्या साठ्यावर. वीसएक किलोमीटरवरच्या लोनिगो शहराच्या नळाला तेच पाणी. इथून लोटेही फार लांब नाही. कारखाना साठच्या दशकातला. पाण्यात काय आहे हे कळलं २०१३ साली. झळ बसलेल्या टापूत सुमारे साडेतीन लाख माणसं. मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा आया आपल्या लेकराच्या रक्तातला आकडा टी-शर्टवर लिहून रस्त्यावर उतरल्या.

(मागून आवाज : "आम्ही पाणी उकळून पितो, सर!" हशा.)

हसू नका, माझी आईही हेच म्हणायची. २०२१ च्या पुरानंतर आमच्या घरात गुडघाभर चिखल होता. ऐंशी वर्षांची बाई, पण पाण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. आधी कळशीत तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायची, वरचं पाणी नऊवारीच्या चौपदरी फडक्यातून गाळायची, मग चुलीवर खळखळ उकळायची. आमच्या घरात कुणाला साधी हगवण लागली नाही. तिचं शास्त्र बरोबर होतं, पण ते जंतूंसाठी. पीफास उकळून जात नाही. पाणी आटतं, रसायन तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. फडक्याला कळत नाही, जिभेला कळत नाही. कोळशाचे खास फिल्टर किंवा आरओ लागतो. म्हणजे आईच्या डोळ्यांना दिसलं नसतं, ते यंत्राने मोजावं लागतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. अमेरिकेतला विषय गाळतो, पण एक गोष्ट सांगूनच. थ्रीएम या पीफास बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांना तुलनेसाठी पीफास नसलेलं रक्त हवं होतं. रक्तपेढ्यांतलं रक्त तपासलं, सगळ्यात ते होतंच. शेवटी कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात भरती झालेल्यांचं जपून ठेवलेलं रक्त स्वच्छ निघालं. कुणीतरी जुना नमुना ठेवला होता, म्हणून नवा कळला.

आता आपल्या दाराशी. मितेनीचं २०१८ मध्ये दिवाळं निघालं. त्याची यंत्रं महाराष्ट्रातल्या एका कंपनीने लिलावात घेतली आणि ती लोटे-परशुरामला आली. तिकडे २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली.

समोर काही चेहरे गंभीर झाले. तुमच्यातले अनेक जण लोट्यात कामाला जातात, माझा पुतण्याही जातो. त्याची भाकरी मला प्यारी आहे. लोट्यात काही गळलंय असा आरोप मी करत नाही. मी मोजा म्हणतोय. उद्या कुणी बोट दाखवलं, तर कंपनीलाही आजच्या आकड्याचाच आधार लागेल. आणि "आमच्या नळाला कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, येतं" म्हणून चिपळूणकरांनी निवांत राहू नये. लोट्याभोवतीच्या वाड्यांत लोक विहिरीचं पाणी पितात. अमेरिकेने २०२४ मध्ये यातल्या दोन मुख्य रसायनांना लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या २०१२ च्या पेयजल मानकात पीफासचं नावही नाही. म्हणजे आपणहून कुणी मोजायला येणार नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. लोटे पंचक्रोशीतले जे आलेत, त्यांनी १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा : प्रत्येक वाडीच्या विहिरीचा नमुना, पीफास मोजणाऱ्या प्रयोगशाळेत, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर. नमुन्याच्या बाटलीला टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण चालत नाही, तेच पीफास आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवतो. जाताना एक प्रत घेऊन जा.