बंदी एकाला, भाव दुसऱ्याचा



अध्यक्षाने भाषणात साऱ्या मत्स्यक्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती मोडून मी मुख्यतः एकाच माशाबद्दल बोलणार आहे. आपल्याकडचा पाला, म्हणजे बंगालचा इलिश.

बांगलादेशाने 2012 मध्ये इलिशची निर्यात बंद केली. 2019 पासून दुर्गापूजेच्या तोंडावर खास परवानगीने थोडा माल भारतात येऊ लागला. 2024 मध्ये तिथल्या अंतरिम सरकारने आधी नकार दिला, मग 3000 टनांना होकार भरला आणि शेवटी आकडा 2420 टनांवर आणला. तो देश वर्षाला पाच लाख टनांहून अधिक इलिश पकडतो. म्हणजे सगळी ओढाताण अर्ध्या टक्क्याहूनही कमी मालासाठी! पण सणाच्या दिवसांतला भाव नुसत्या टनांवर ठरत नाही. बांगलादेशातल्या पद्मा नदीचा मासा येणार की नाही, या बातमीवरही तो हलतो.

तो आला नाही की हावड्याच्या घाऊक बाजाराची नजर म्यानमारच्या गोठवलेल्या मालाकडे आणि गुजरातकडे, नर्मदेच्या मुखाशी मिळणाऱ्या पाल्याकडे वळते. तिन्ही मासे शास्त्राच्या लेखी एकाच जातीचे. बंगाली गिऱ्हाईकाला हे पटवायला जाऊ नका. एरवी नाक मुरडून घेतला जाणारा भरूचचा मासा त्या दिवसांत बर्फात बसून थेट कोलकात्याला निघतो. नाती आपण वर्गीकरणात शोधतो, बाजार ती स्वयंपाकघरात शोधतो. पापलेट परवडेनासं झालं की आपणही हलव्याकडे वळतो. कुळाने पाहिलं तर तो पापलेटचा कोणीच नाही.

मला खरी काळजी वाटते ती पिल्लांची. पश्चिम बंगालमध्ये 23 सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडायला मनाई आहे. पण मोठा मासा सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेला की लहानाला गिऱ्हाईक मिळतं, आणि गिऱ्हाईक असेपर्यंत जाळ्याचा आस मोठा होत नाही. व्यापारमंत्रालयाचा कागद असा नदीच्या मुखापर्यंत पोचतो.

आता आपल्या किनाऱ्यावर या. इथे चक्र उलटं फिरतं. कासवांना निसटायची सोय ट्रॉलरच्या जाळ्यात नाही, म्हणून अमेरिकेने 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. तलावात वाढवलेल्या व्हेनामी कोळंबीला दार उघडंच होतं. मग ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं. समुद्राच्या कोळंबीला त्याचं काय, ती तिकडे जातच नव्हती! पण अमेरिकेतून मागे फिरणारी व्हेनामी जपान, युरोप, चीन इथेच गिऱ्हाईक शोधणार, आणि तिथे आपली समुद्रातली चैती, कापशी कोळंबी आधीच उभी आहे. आंध्रातल्या तळ्यांतल्या कोळंबीवरचा कर अशा वाटेने आपल्या लिलावात उतरतो. विकणाऱ्याने दार लावलं तर घेणाऱ्याच्या गावात भावंडं महागतात; घेणाऱ्याने लावलं तर विकणाऱ्याच्या बंदरावर ती स्वस्त होतात.

हे किती होतं, हे मोजायचं कशावरून? बऱ्याच नोंदींत 'कोळंबी' नावाचा एकच रकाना असतो. टायगर आणि करंदी एका ओळीत बसवल्यावर सरासरीतून काय कळणार? आवक टनांत लिहून ठेवायची आपल्याला सवय आहे. भाव मात्र दलालाच्या वहीत राहतो. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या बंदरावर जातवार आणि आकारवार लिलावाचा भाव रोज नोंदला जावा, आणि बंदी किंवा शुल्क लागू झाल्यावरचे भाव आधीच्या दोन हंगामांशी ताडून पाहावेत. मत्स्यमहाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून उपयोगी काम मला सुचत नाही.

उद्याच्या खुल्या सत्रात या मागणीचा ठराव मी मांडणार आहे. व्यापारी मंडळींचा त्याला विरोध असेल तर त्यांनी जरूर बोलावं, फक्त येताना वह्या घेऊन यावं.