अख्खे वक्कल



  

उत्पादक व ग्राहकांच्या लासलगावच्या या परिषदेच्या पत्रिकेत माझा विषय ‘मोठ्या कंपन्यांची बाजारातली सत्ता आणि पर्यायी अर्थव्यवस्था : एक आढावा’ असा छापला आहे. तेव्हा आधी आढावा. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार फिरून एकेक पैसा जमवला, पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. १९४८ साली मुंबईत नायगावला कामगारांनी ग्राहक भांडार काढले, त्याचेच पुढे अपना बाजार झाले. १९७५ साली बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली. तिची रीत अशी : शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, आलेला माल आपणच वाटून घ्यायचा. २००२ साली कंपनी कायदा बदलला आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. अशीच एक कंपनी, मोहाडीची ‘सह्याद्री’, इथून फार लांब नाही. अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे. पण यातल्या बहुतेकांनी एक गोष्ट कधी हातात घेतली नाही. तिच्याविषयी बोलायचे मी बरीच वर्षे मनात ठेवले होते. पुन्हा असे व्यासपीठ मिळेलच असे नाही, म्हणून उरलेला सगळा वेळ तिच्यासाठी घेतो. ती गोष्ट म्हणजे प्रतवारी.

माझी नोकरी एका ग्राहक संघाच्या खरेदीची. कांद्याच्या हंगामात मी इथल्या बाजार समितीत असायचो. १९४७ पासूनची ही बाजार समिती, कांद्याचा देशाचा भाव जिथे ठरतो ते आवार. ट्रॅक्टरची रांग लागते. व्यापारी ट्रॉलीवरचे चार कांदे हातात घेतो, दाबून पाहतो, बोली होते, पावती फाटते. शेतकऱ्याला वाटते, सुटलो. मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. निम्मी रिकामी झाली की मुनीम म्हणतो, “काका, वरचा माल वेगळा, खालचा वेगळा. गोल्टी जास्त निघतेय.” गोल्टी म्हणजे बारीक कांदा. आणि तिथे भाव तुटतो. वांधा काढायचा, म्हणजे तक्रार करायची, तर दिवस जातो. निम्मा माल खळ्यावर, निम्मा ट्रॉलीत, घरी गुरांची धार राहिलेली. शंभरातले नव्वद शेतकरी मान डोलावतात. लिलाव सगळ्यांसमोर झाला, भाव मात्र खळ्याच्या पत्र्याखाली ठरला. ज्याच्या हातात प्रत, त्याच्या हातात भाव. हे मी पुस्तकात वाचलेले नाही.

मोठ्या कंपन्यांनी हे खळे फक्त वातानुकूलित केले. त्यांचे संकलन केंद्र मी आतून पाहिले आहे. बाया मालाच्या दोन्ही बाजूंना बसून निवडतात. ठरावीक मापाचा, एकसारख्या रंगाचा, पत्ती न सुटलेला गोळा कांदा तेवढा क्रेटमध्ये जातो. गोल्टी, जोड, दांडा आलेले डेंगळे, पत्ती सुटलेला असा सगळा माल परत ट्रॉलीत. एकाच वाफ्यातला, एकाच बियाण्याचा, एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढलेला कांदा. परत आलेला ढीग शेतकरी बाजार समितीत नेतो. चांगला माल आधीच काढून घेतल्यामुळे तिथली सरासरी खाली येते. आणि कंपनीचा उद्याचा दर कशावर ठरतो? त्याच बाजार समितीच्या सरासरीवर, वर एखाद-दोन रुपये. “आम्ही बाजारापेक्षा जास्त देतो” हे त्यांचे वाक्य खोटे नाही. निवडलेल्या किलोंपुरते ते खरे आहे. उरलेल्या किलोंचा हिशोब त्यांच्या पट्टीवर येतच नाही.

आता तक्रार आपल्याच मंडपातली. नैतिक ग्राहक म्हणवणारे आपण काय मागतो? विषमुक्त हवा, थेट शेतकऱ्याकडचा हवा, आणि एकसारखा हवा. जोड कांदा दिसला की आपल्या संघातली कुटुंबे पिशवी परत पाठवतात. परत आलेल्या पिशव्या मी उतरवून घेतल्या आहेत आणि त्या शेतकऱ्याला फोनही मीच केले आहेत. मॉल सोडून आपण संघात आलो, पण निवडीचे माप मॉलचेच घेऊन आलो.

सकाळच्या सत्रात शेतमालाला प्रमाणपत्र हवे की विश्वास, यावर बराच वाद झाला. दोन्ही बाजूंचे मित्र विद्वान आहेत. मी त्यांना २०१० सालचा द्राक्षहंगाम आठवायला सांगतो. वर्षानुवर्षे ज्या लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाची फवारणी राजरोस चालत आली होती, त्याचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षे अडली. निफाड-दिंडोरीतल्या बागा कर्जात बुडाल्या. त्या हंगामात एका बागायतदाराच्या ओट्यावर मी बसलो होतो. त्याच्याकडे सगळे कागद होते, फाइल जाडजूड होती. तो एवढेच विचारत होता, की नियम बदलला हे मला कुणी का कळवले नाही? माप ठरवणाऱ्या खोलीत शेतकऱ्याला खुर्ची नसेल, तर प्रमाणपत्र कितीही शुद्ध असो, ते वरून आलेला हुकूमच राहते. याच गावच्या विकिरण केंद्रातून २००७ पासून हापूस अमेरिकेला जातो. त्याचेही माप अमेरिकेतच ठरते.

दुसरा वाद बहिष्काराचा. तरुण मित्र म्हणतात, मॉलवर बहिष्कार घाला. जरूर घाला. पण डोंबिवलीच्या एका सोसायटीने तो घातला तेव्हा मी जवळून पाहिले आहे. मॉल सोडला आणि हातगाडीवरून लोक तसाच एकसारखा कांदा निवडून-निवडून घेऊ लागले. निफाडच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर एक रुपयाही वाढला नाही.

उलट गिरगावातल्या एका चाळीतल्या बायकांचे उदाहरण मी आयुष्यभर सांगत आलो आहे. त्यांनी एप्रिलमध्ये एका शेतकऱ्याचे उन्हाळ कांद्याचे अख्खे वक्कल, म्हणजे निघालेला सगळा ढीग, घेतले. निवड नाही, एकच भाव, आणि तो काढणीच्या आधी ठरलेला. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ढीग ओतला. जोड आणि डेंगळे टिकत नाहीत, ते पहिल्या पंधरवड्यात वापरायचे. गोल्टी अख्खी भरून रस्सा करायला आणि लोणच्याला. मोठा, सुकलेला कांदा पावसाळ्यासाठी बांबूच्या टोपल्यांत. प्रतवारी त्यांनीही केली, पण स्वयंपाकघराच्या गरजेने, आणि पूर्ण ढिगाचे पैसे दिल्यावर. त्या शेतकऱ्याला खळ्यावर मान डोलवावी लागली नाही. मला विचाराल तर पर्यायी अर्थव्यवस्था मी तिथे पाहिली.

भाव ठरलेला असणे का महत्त्वाचे, तेही बोलतो. २०१८ साली याच निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले आणि ते त्याने पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरला ५१२ किलोंच्या बदल्यात शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. हे शुल्क आणि ही बंदी ग्राहकाच्या नावाने झाली. म्हणजे तुमच्या-माझ्या नावाने! त्या डिसेंबरात मी आपल्या कितीतरी मित्रांना फोन केले, की आमच्या नावाने बंदी नको असे ग्राहक म्हणून पत्रक काढू. “हा आपला विषय नाही,” असे उत्तर आले. खेरवाडी इथून जवळ आहे. १९८० च्या नोव्हेंबरात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी तिथे रेल्वे अडवलेल्या शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. आणि आपल्याला एक पत्रक काढवले नाही. याचा राग मला आजही येतो, आणि तो यावाच असे मला वाटते.

आता पुढचे काम. वक्कल अख्खे घ्यायचे, याचा एक साधा लेखी करार करावा. दराला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा असाव्यात : बाजार पडला तर ग्राहकाने खालची पाळायची, बाजार चढला तर शेतकऱ्याने वरची. साठवणीच्या कांदाचाळीत कांदा घटतो, सडतो, कोंब येतात. ती घट एकट्या शेतकऱ्याने सोसू नये, यासाठी काही ठिकाणी सामाईक कांदाचाळी बांधाव्या लागतील. पैसा कुठून आणायचा, वाहतूक कशी करायची, हमाल-मापारी बांधवांचा त्यात वाटा काय, हे एखाद्या समितीने ठरवावे. मी आकडे घेऊन आलेलो नाही.

सध्या उन्हाळ कांद्याच्या लागणी चालू आहेत. मार्च-एप्रिलमध्ये काढणी येईल. त्याआधी आज इथे असलेल्या प्रत्येक ग्राहक संघाने एका शेतकऱ्याशी एका वक्कलाचा तोंडी का होईना, पण शब्द बांधावा. मंडपाच्या दाराशी वही ठेवली आहे. डाव्या पानावर शेतकऱ्यांनी गाव आणि क्षेत्र लिहावे, उजव्या पानावर संघांनी कुटुंबांची संख्या. दराच्या मर्यादांवर उद्या सकाळच्या सत्रात बोलू.