गढ्याचा संग्रामशाह

जबलपूर शहरालगतच्या काळ्या टेकड्यांवर एका प्रचंड शिळेच्या माथ्यावर एक लहानशी वास्तू उभी आहे. लोक तिला मदन महल म्हणतात. महालाचा थाट मात्र तिच्यात नाही. लांबवर नजर ठेवण्यासाठी बांधलेली ही चौकी असावी, असेच पाहणाऱ्याला वाटते. परंपरा तिचे श्रेय गोंड वंशावळीतील मदनसिंह राजाला देते. टेकडीच्या पायथ्याशी गढा हे जुने गाव आहे. आज तो जबलपूरचाच एक भाग आहे. परंतु सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे एका लहान गोंड राज्याची राजधानी होती. या राज्याला मोठेपणा मिळवून दिला तो अमानदास नावाच्या एका उच्छृंखल राजपुत्राने. इतिहास त्याला संग्रामशाह या नावाने ओळखतो.

त्याच्या तारुण्याची हकीकत अबुल फजलाने ‘अकबरनाम्या’त दिली आहे आणि ती गौरवास्पद नाही. अमानदास बापाच्या आज्ञेत राहिना, म्हणून अर्जुनदासाने त्याला काही काळ बंदीत ठेवले. सुटल्यावर तो पुन्हा बिघडला आणि पळून जाऊन बांधवगडच्या वीरसिंहदेव बघेलाच्या आश्रयास राहिला. वीरसिंहाने त्याला पुत्रवत मानले. इकडे अर्जुनदासाने धाकट्या जोगीदासाला वारस ठरविले. ही वार्ता कानी पडताच अमानदास मजल दरमजल करीत गढ्याला आला, आईच्या घरी लपला आणि एका रात्री, बापाच्या विश्वासातील एका सेवकाला फितवून, त्याने प्रत्यक्ष जन्मदात्याचा वध केला.

लोकांनी जोगीदासाला गादीवर बसण्याचा आग्रह केला. परंतु वडील भाऊ पित्याच्या ठिकाणी, त्याच्यावर शस्त्र कसे धरावे, असे म्हणून तो राज्य सोडून निघून गेला. वीरसिंह त्या वेळी सिकंदर लोदीच्या दरबारी होता. पितृहत्येचे वृत्त ऐकून तो संतापला आणि सैन्यासह गढ्यावर चालून आला. अमानदास डोंगरात पळाला. मुलूख जिंकून वीरसिंह परत फिरला, तेव्हा वाटेत मोजक्या माणसांनिशी अमानदास त्याच्यापुढे आला आणि ढसाढसा रडला. वीरसिंहाचे मन द्रवले. त्याने जिंकलेला मुलूख त्याला परत दिला.

ते अश्रू खरे होते की कपटाचे? अबुल फजलालाही त्याची खात्री नव्हती. मात्र त्याचे कथन वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. तो ज्या दरबाराचा इतिहासकार होता, त्याच दरबाराच्या सैन्याने १५६४ मध्ये हे राज्य लुटले होते. पराभूत घराण्याच्या मूळ पुरुषाचे दोष सांगण्यात जेत्याला संकोच नसतो. याच्या उलट टोकाला मंडला जिल्ह्यातील रामनगरचा शिलालेख आहे. हिरदेशाह राजाने १६६७ मध्ये कोरविलेल्या या लेखात संग्रामशाहाने बावन्न गड वसविल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. पितृहत्येचा मात्र अवाक्षरानेही नाही. एक साक्ष शत्रूची, दुसरी वंशजांची. एकीला अपराध तेवढा दिसतो, दुसरीला पराक्रम.

पराक्रमही खोटा नव्हता. दिल्लीचे लोदी दूर होते आणि शेजारची माळव्याची सल्तनत अंतःकलहाने खिळखिळी झाली होती. विंध्य-सातपुड्याच्या अरण्यांनी वेढलेल्या नर्मदाकाठच्या सुपीक मुलखाला मोठा धनी उरला नव्हता. ही संधी संग्रामशाहाने साधली. गड म्हणजे नुसता किल्ला नव्हे. त्याच्या भोवतीची गावे, शेते आणि वनेही त्यात येत. अशा बावन्न गडांचे राज्य आजच्या जबलपूर, मंडला, दमोह, सागर, नरसिंहपूर या प्रदेशांत पसरले. गुजरातच्या बहादूरशाहाला रायसेनच्या मोहिमेत त्याने साहाय्य केले आणि त्याबद्दल त्याला संग्रामशाह हा किताब मिळाला, असे अबुल फजल सांगतो. गढ्याजवळचा संग्रामसागर तलाव आणि त्याच्या काठचा भैरवाचा बाजनामठ लोक आजही त्याच्याच नावाशी जोडतात.

राज्याची खरी कसोटी मात्र त्याच्या पश्चात लागली. पुत्र दलपतशाह अकाली वारला आणि कारभार त्याच्या विधवेवर, महोब्याच्या चंदेल घराण्यातील दुर्गावतीवर आला. अल्पवयीन वीरनारायणाच्या नावाने तिने सुमारे पंधरा-सोळा वर्षे राज्य राखले. १५६४ च्या जून महिन्यात आसफखानाशी लढताना, बाणांनी जखमी झाल्यावर, शत्रूच्या हाती जिवंत सापडू नये म्हणून तिने आपल्याच कट्यारीने जीवनयात्रा संपविली. संग्रामशाहाचा चौरागड पडला, तेथे वीरनारायणही कामी आला, आणि पिढ्यांनी साठविलेले धन आसफखानाच्या हाती गेले. पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याची उरलीसुरली सत्ताही संपविली, आणि कालांतराने हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला.

जबलपूरच्या विद्यापीठाला आज राणी दुर्गावतीचे नाव आहे. जिने राज्य मिळविले नाही, केवळ राखले आणि त्यासाठी प्राण वेचले, तिला लोकांनी हृदयात स्थान दिले. ज्याने ते मिळविले, त्याचे नाव एका तलावाशी उरले. लोकांचा हा निवाडा कठोर वाटेल. पण तो अन्यायाचा नाही. तलवारीने मिळविलेल्या राज्याची किंमत त्याच्या गडांच्या संख्येवरून ठरत नाही. संकटकाळी त्यासाठी कोण उभे राहते, यावरून ठरते. दुर्गावती ज्यासाठी उभी राहिली, ते राज्य एका पितृघातकाने उभारलेले होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. इतिहासाला या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहाव्या लागतात.