मंडळीचे ओझे कोणी वाहावे?

(कनेरगाव नाका येथे नवसाक्षरांपुढे केलेले भाषण)



दिवसभराचे काम आटोपून तुम्ही इथे जमलात. तुमच्यातील पुष्कळांना आता वाचता येते, याचा आम्हाला फार आनंद वाटतो. त्या वाचण्याचा एक उपयोग आज आम्ही सांगणार आहोत.

विषय आहे ख्रिस्ती मंडळीचा. मंडळी म्हणजे एका ठिकाणी प्रार्थनेला जमणारे सर्व लोक. तिच्यात पाळक असतो, पंच असतात आणि सभासद असतात. मग मंडळीचे काम कोणाचे? एकट्या पाळकाचे, की सर्वांचे? जे ख्रिस्ती नाहीत, त्यांनीही ऐकावे. भजनी मंडळ असो, सोसायटी असो, प्रश्न तोच असतो.

आधी एक घडलेली गोष्ट ऐका. आम्ही एका मंडळीचे सभासद होतो. तिचे नाव सांगत नाही. तिथले पाळक भले गृहस्थ होते. उपासना ते चालवीत. आजाऱ्याला ते भेटत. वर्गणी तेच गोळा करीत आणि वहीही तेच लिहीत. आम्ही काय करत होतो? रविवारी यायचे, दानाच्या थैलीत नाणे टाकायचे आणि घरी जायचे.

एका पावसाळ्यात प्रार्थनामंदिराचे छप्पर गळू लागले. नवे पत्रे आणायला पैसे निघेनात. झाले! कुजबुज सुरू झाली. "पैसे गेले कुठे?" पाळकांच्या बायकोने नवे लुगडे नेसले, तरी लोक बोट दाखवू लागले. तोंडावर मात्र कोणीच विचारले नाही. शेवटी पाळक कंटाळून निघून गेले.

मग वही उघडली. पैन् पै लिहिलेली होती. एका विधवेच्या औषधाला पैसे गेले होते. दोन पोरांची फी भरली होती. आमच्या माना खाली गेल्या. आम्ही तर शाळेचे हेडमास्तर! आम्हाला वाचता येत होते. पण इतक्या वर्षांत ती वही आम्ही एकदाही मागितली नव्हती. पाळकांनी वही आपणहून दाखवायला हवी होती, ही त्यांची चूक. पण मोठी चूक आमची.

ख्रिस्ती शास्त्रात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. मोशे हा इस्राएल लोकांचा पुढारी. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवी. त्याचे सासरे इथ्रो भेटीला आले. त्यांनी सांगितले, असे केलेस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर भरवशाची माणसे नेम. फार अवघड तेवढे तू पाहा. मोशेने सासऱ्याचे ऐकले.

पुढे येशूच्या शिष्यांच्या काळातही तंटा झाला. रोज अन्न वाटले जाई, त्यात काही विधवांना वगळले जात होते. तेव्हा बारा प्रेषितांनी सगळ्या लोकांना बोलावले. तुमच्यातले चांगले सात जण तुम्हीच निवडा, असे सांगितले. लोकांनी सात जण निवडले आणि वाटणीचे काम त्यांच्याकडे गेले. निवड लोकांची, म्हणून जबाबदारीही लोकांची.

आपल्या मराठी मुलखातही हे घडले आहे. अमेरिकन मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले. त्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात. आधी सगळा कारभार परदेशी मिशनरी पाहत. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना तिथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. आपलीच माणसे पाळक झाली. त्या मिशनच्या मंडळ्यांत मोठ्या गोष्टी सभासदांच्या सभेत ठरवायची रीत होती.

आपल्या मराठवाड्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. ते स्कॉटिश मिशनचे. त्यांच्या पंथात पाळकाबरोबर निवडलेले वडीलजन बसून कारभार पाहतात.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्याच्या घटनेत बिशप, वडीलजन आणि सभासदांची सभा या तिन्ही रीतींना जागा आहे. रीती वेगळ्या, पण सार एकच. एकट्याच्या खांद्यावर सगळे ओझे ठेवू नये.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे गाव. दिंडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. विणेकरी नसेल तर अभंग कोणी सुरू करायचा? आणि टाळकरी गप्प बसले तर एकट्या विण्यावर दिंडी चालेल का? मंडळीचेही तसेच आहे.

मग करायचे काय? पैसे एकाने मोजू नयेत, दोघांनी मोजावेत. वही एकाने लिहावी, दुसऱ्याने तपासावी. दर महिन्याचा जमाखर्च कागदावर लिहून दाराशी लावावा. वर्षातून एकदा सर्वांची सभा घ्यावी. तिच्यात बायांनीही बोलावे. घरचा हिशेब त्याच तर ठेवतात! आजाऱ्याला भेटणे, झाडलोट, रविवारची मुलांची शाळा, ही कामे वाटून घ्यावीत. पाळकाला उपदेशाला आणि प्रार्थनेला वेळ मिळू द्यावा.

पुढाऱ्याने एक पाळावे. कोणी हिशेब विचारला, तर रागावू नये. सभासदानेही एक पाळावे. विचारायचे ते तोंडावर विचारावे, पाठीमागे बोलू नये. आणि मत दिले, तर हातही द्यावा.

आपल्या गावाच्या नावातच नाका आहे. नाक्यावर काय आले, काय गेले, हे पाहायचे असते. पूर्वी तुम्ही म्हणायचात, "आम्हाला काय कळतंय? मास्तर सांगतील ते खरं." आता तसे म्हणता येणार नाही. अक्षर कळले, तशी जबाबदारीही आली. येत्या रविवारी जमाखर्चाचा कागद मागा. बोट ठेवून सावकाश वाचा. नाही कळले तर विचारा.

आम्ही विचारले नाही, आणि एक भला माणूस गमावला. तुम्ही गमावू नका.