कानातला नाद आणि डब्यातले औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे असा रिवाज आहे. पण चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो कानात वाजणाऱ्या आवाजाचा. विषय लहान वाटला तरी त्यापायी पुष्कळ बायकांची झोप गेली आहे आणि अलीकडे तर भिशीचे पैसेही जाऊ लागले आहेत. म्हणून तो मी आनंदाने घेतला.

रात्री दिवा मालवला, घर शांत झाले, की कानात रातकिडा ओरडू लागतो. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला शंख, तर कुणाला गिरणीची घरघर. शेजारी निजलेल्यांना मात्र काहीच ऐकू येत नाही. मग बाई मनात म्हणते, “सांगितले तर वेडी ठरवतील,” आणि गप्प बसते. भगिनींनो, हे वेड नव्हे, भूतबाधा नव्हे आणि काही नवेही नव्हे. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे.

हा आवाज येतो कोठून? आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी आहे. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. बाहेरचा आवाज त्या झेलतात आणि मेंदूकडे पोचवितात. वयाने, मोठ्या आवाजाने किंवा काही औषधांनी त्या झिजल्या, तर पुन्हा उगवत नाहीत. मग कानाकडून निरोप कमी येऊ लागतो आणि मेंदू, दुरून कुणी हाक मारील म्हणून कान टवकारावा तसा, आपली श्रवणशक्ती ताणून धरतो. त्या ताणातून हा नाद उमटतो, असे आजचे शास्त्र मानते. याशिवाय कानातला मळ, कानाचा संसर्ग, रक्तदाब, थायरॉइड, अंगात रक्त कमी असणे, हीही कारणे असतात. म्हणजे नाद हा स्वतः रोग नसून बहुधा कशाची तरी खूण असतो.

आता डब्याकडे वळू. “हे चूर्ण तीन महिने घ्या, नस मजबूत होईल, कानातला आवाज बंद,” असे सांगत कुणी ओळखीचीच बाई दारी येते. डब्यावर जस्त, जिन्को, दहा-बारा जीवनसत्त्वे यांची नावे असतात. विकणारी आपल्याच नात्यातली, म्हणून नाही म्हणवत नाही. परंतु विचारावयास हवे, की याने खरोखर गुण येतो काय?

याची परीक्षा देशोदेशी झाली आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने 2014 साली स्पष्ट सल्ला दिला, की कर्णनादासाठी जिन्को, जस्त किंवा असली पूरके देऊ नयेत. जस्तावरील सर्व प्रयोगांचा 2016 साली आणि जिन्कोवरील प्रयोगांचा 2022 साली कोक्रेन संस्थेने आढावा घेतला. त्यांतही भरवसा ठेवावा असा गुण दिसला नाही.

मग अन्नाचा आणि कानाचा काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तेथेच नीट लक्ष द्यावे. अंगात जे कमी असेल ते भरून काढल्याने लाभ होतो. जे कमी नाही ते ओतल्याने होत नाही. पहिली उणीव रक्ताची. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त फार पातळ झाले की नाडीच्या ठोक्याबरोबर कानात हुश्-हुश् असा आवाज येऊ शकतो. तो लोहाच्या गोळ्यांनी आणि आहाराने जाऊ शकतो.

दुसरी उणीव बी-12 जीवनसत्त्वाची. ते दुधात, दह्यात, अंड्यात व मांसमच्छीत असते. भाजीपाल्यात व डाळीत नसते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या आणि शहरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 67 टक्के पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी निघाले. ताटात पहिला वाढा मिळतो त्या पुरुषांची ही गत, तर सर्वांचे झाल्यावर उरलेले ताक पिणाऱ्या बाईची काय असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. इस्रायलमध्ये 1993 साली गोंगाटात काम करणाऱ्या सैनिकांची पाहणी झाली. त्यांत कर्णनाद असलेल्यांपैकी 47 टक्के लोकांत बी-12 कमी होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते घटते. म्हणून नाद असेल तर हिमोग्लोबिन आणि बी-12 एकदा तपासून घ्यावे. कमी निघाले तर डॉक्टर सांगतील तसे औषध घ्यावे. त्याने नाद जाईलच असे वचन कुणी देऊ नये, पण हातापायाच्या मुंग्या, थकवा आणि विसराळूपणा यांनाही त्याचा उपयोग होतो. मग पैसा वाया गेला असे होत नाही.

“जास्त घेतले तर बिघडते काय?” असे कुणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्याने याचे उत्तर पाहिले आहे. 2024 सरता-सरता आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत माणसांचे केस चार-चार दिवसांत गळून टक्कल पडले. लेकीबाळी डोक्यावर पदर घेऊन घरात बसल्या. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांची तपासणी केली. त्यांना रक्तात सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त कमी झालेले आढळले. त्यांनी बोट दाखविले ते गव्हाकडे. सेलेनियम विष नव्हे. दिवसाला चाळीस-पन्नास मायक्रोग्रॅम ते शरीराला लागतेच, आणि शक्तीच्या कित्येक गोळ्यांत ते घातलेले असते. पण लागते तेवढेच लागते. जस्ताचेही तसेच आहे. ते फार दिवस फार घेतले तर अंगातले तांबे घटते आणि उलट रक्त कमी होते.

मग करावे काय? ज्वारीची भाकरी, तूर-मूग, तीळ-जवसाची चटणी, हिरवी भाजी हे आपले अन्न उत्तम आहे. त्याला लिंबू पिळावे, जेवणाबरोबर चहा टाळावा, आणि घरच्या बाईने वाटीभर दूध किंवा दही आपला हक्क म्हणून घ्यावे. कानात गरम तेल ओतू नये. पडद्याला भोक असले तर त्याने घात होतो. वरातीतल्या डीजेपासून व मळणीयंत्रापासून दूर राहावे, नाही तर कानात बोळे घालावेत. निजताना अगदी सामसूम करू नये. पंखा किंवा हळू आवाजातले भजन चालू ठेवावे, म्हणजे नाद मागे पडतो. ऐकू कमी येत असेल तर लाज न बाळगता श्रवणयंत्र लावावे. त्याने पुष्कळांचा नादही सौम्य होतो. कित्येकांचा नाद पुरता जात नाही, हे खरे. पण त्याची धास्ती गेली की तो भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा होतो. असतो, पण ऐकू येत नाही.

काही खुणांना मात्र उशीर नको. एकाच कानात नाद, नाडीबरोबर ठोके, चक्कर, किंवा एकाएकी ऐकू येईनासे होणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. एकाएकी गेलेले ऐकणे पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर परत येण्याची आशा अधिक असते. ते दिवस डब्याची वाट पाहण्यात घालवू नयेत.

शेवटी मंडळाला एकच विनंती. दर वर्षी हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. या वर्षी त्याच दिवशी सभासद भगिनींच्या रक्ताची आणि कानांची तपासणी ठेवावी. आणि ज्या बहिणीला रात्री आवाज ऐकू येतो, तिने तो पहिल्यांदा आपल्या शेजारणीला सांगावा. सांगितल्याने तो अर्धा हलका होतो.