खेळाडूचा राखणदार
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी दिलेले व्याख्यान)



अशा समारंभात डॉक्टर, इंजिनीयर आणि सरकारी अधिकारी ह्यांचे गोडवे गाण्याचा प्रघात आहे आणि त्यात काही वावगे नाही. आज मात्र मी एका अशा व्यवसायाचा परिचय करून देणार आहे, की ज्याचे नावही आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले नसेल. अमेरिकेतील महाविद्यालयांत खेळाडूंच्या शरीराची राखण करणारा जो जाणकार असतो, त्यास तेथे ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ असे म्हणतात. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुले आज त्या देशात शिकत आहेत. तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका नाही.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करतो. खेळ शिकवितो तो कोच. ट्रेनरचे काम त्याहून वेगळे. आपल्या जुन्या तालमीत वस्ताद डावही शिकवी आणि मुरगळलेला हात चोळून ताळ्यावरही आणी. अमेरिकेत ही दोन कामे दोन व्यक्तींकडे गेली आणि दुसऱ्या कामाचे हळूहळू शास्त्र बनले. सॅम्युएल बिलिक ह्या गृहस्थांनी 1917 च्या सुमारास ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. 1950 साली कॅन्सस सिटी येथे ट्रेनर लोकांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापिली. 1970 साली प्रमाणपत्राची पहिली परीक्षा झाली आणि 1990 साली तेथील वैद्यकसंघाने हा आरोग्यसेवेचा व्यवसाय म्हणून मान्य केला. पूर्वी पदवी पुरत असे. आता नव्याने येणाऱ्यास ह्या विषयाची एम्. ए. वा एम्. एस्सी.च्या तोडीची पदवी घेऊनच परीक्षेस बसावे लागते. केवळ तेल चोळणारा आणि पाण्याची बादली वाहणारा म्हणून ज्याची गणना होई, त्याने विद्येच्या बळावर ही पायरी गाठली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याचा दिवस पहाटे सुरू होतो. सरावापूर्वी घोट्यांना पट्ट्या बांधणे, जायबंदी खेळाडूंकडून व्यायाम करवून घेणे, सराव चालू असता मैदानाच्या कडेला दक्ष उभे राहणे, सायंकाळी बर्फाचा शेक देणे आणि प्रत्येकाच्या दुखण्याची नोंद ठेवणे, असा त्याचा क्रम असतो. गावोगावच्या सामन्यांना संघाबरोबर जावे लागते. रविवार असो वा सण असो, सुटी नाही. अमेरिकेतील कित्येक राज्यांत सरकारी पगारदारांपैकी सर्वांत अधिक वेतन विद्यापीठाच्या फुटबॉल वा बास्केटबॉल कोचला मिळते. ट्रेनरच्या वाट्यास त्याचा अल्पसा अंशच येतो. ह्या ओढाताणीमुळे अनेक तरुण काही वर्षांतच हा व्यवसाय सोडतात, हेही मी आपणांपासून लपवून ठेवीत नाही.

परंतु मित्रहो, ह्या व्यवसायाची खरी कसोटी श्रमांत नाही. ती एका शब्दात आहे आणि तो शब्द म्हणजे ‘नाही’. हजारो प्रेक्षक ओरडत आहेत, कोच उतावीळ झाला आहे, स्वतः खेळाडूही ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो आहे. अशा वेळी ‘हा मुलगा आज खेळणार नाही’ असे सांगण्याचे धैर्य ट्रेनरच्या अंगी हवे. त्याचा धनी विजय नव्हे, खेळाडू होय.

हे धैर्य आणि ही तत्परता नसली तर काय होते? 29 मे 2018 रोजी मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यावर खात्रीचा उपाय एकच : रोग्यास ताबडतोब बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टाकीत बसवून, अर्ध्या तासाच्या आत ताप उतरविणे. आधी शरीर थंड करावे, मग रुग्णालयात न्यावे, असा ह्या शास्त्राचा दंडक आहे. त्या दिवशी टाकीचा उपयोग झाला नाही आणि रुग्णवाहिका निघेपर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला. 13 जून रोजी तो मुलगा वारला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पुढे कायदेशीर व नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. पण आईबापांचा मुलगा परत आला नाही.

आता दुसरे चित्र पाहा. डेनी केलिंग्टन ह्यांनी सिरॅक्यूज विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची अनेक वर्षे सेवा केली आणि 2017 साली ते बफेलोच्या व्यावसायिक संघाकडे गेले. 2 जानेवारी 2023 रोजी सिनसिनाटी येथे सामना चालू असता डॅमर हॅमलिन ह्या तरुण खेळाडूच्या छातीवर आघात झाला व त्याचे हृदय थांबले. केलिंग्टन धावत गेले आणि त्यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवले. विद्युत्‌धक्क्याच्या यंत्राने हृदय पुन्हा चालू करण्यात आले. हॅमलिन वाचला, इतकेच नव्हे, तर त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला. महाविद्यालयांच्या मैदानांवर वर्षानुवर्षे केलेला अभ्यास त्या थोड्या मिनिटांत कामास आला.

महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय मंडळाने नियम केला आहे, की जायबंदी खेळाडूने केव्हा खेळावे ह्याचा निर्णय वैद्य व ट्रेनर ह्यांचा. कोचने त्यात ढवळाढवळ करू नये. नियम उत्तम आहे. तथापि तो पाळवून घेण्यास मनुष्य खंबीर लागतो.

भगिनींनाही एक गोष्ट सांगावयाची आहे. हा व्यवसाय एके काळी पुरुषांचाच मानला जाई. परंतु कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील विद्यापीठाच्या ट्रेनर ज्युली मॅक्स ह्या 2000 साली त्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या आणि आज संघटनेच्या सभासदांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत.

आपल्याकडे काय स्थिती आहे? शाळामास्तर ह्या नात्याने मी तालुक्याचे कबड्डीचे सामने पुष्कळ पाहिले. पाय मुरगळलेल्या मुलास रुमाल बांधून पुन्हा चढाईस पाठविताना आणि लोकांना त्यावर टाळ्या पिटताना मी पाहिले आहे. त्यांतला एक गुणी मुलगा पुढे कधी धावू शकला नाही. त्याच्या घरच्यांनी दैवास दोष दिला. दैव बिचारे काय करणार? मैदानावर ‘थांब’ म्हणणारे जाणते माणूसच नव्हते.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे, की मुलाने फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम घेऊन खेळांच्या वैद्यकाकडे वळण्याची इच्छा दर्शविली, तर ‘हे कसले मालीशवाल्याचे काम’ असे म्हणून त्याचे मन मोडू नका. आणि संस्थेस सूचना अशी, की आपल्या वार्षिक क्रीडास्पर्धांत चषकांवर खर्च होतो त्यातला थोडा भाग बर्फ, पट्ट्या आणि प्रथमोपचार जाणणारा एक माणूस ह्यांसाठी राखून ठेवावा. चषक कपाटात राहतात. मुलांना उभा जन्म त्याच पायांवर चालावयाचे असते.